न्हाणीकडचा माड आणि किशोरीकाकीची गाडी

किशोरीकाकीची गाडी कुडाळ स्टेशनच्या आवारात शिरते तेव्हा तिथली कुत्री उठत नाहीत. बाकीच्या गाड्या आल्या की ती एक डोळा उघडतात आणि नाइलाजाने अंग झाडून बाजूला होतात. हिची गाडी त्यांना ऐकूच येत नाही. मग काकी काच खाली करून "ऊठ रे बाबा" म्हणते, आणि भाई सावंत आपल्या डिझेल गाडीला टेकून म्हणतो, "गाडयेक शिट्टी बसव गो किशोरी. सरकार तेका पण अनुदान देयत."

काकी आमच्या शेजारची. मसुऱ्यात आमची आणि त्यांची घरं एकाच दगडी गडग्याच्या दोन बाजूंना आहेत. मी कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात विजेची देखभाल बघतो आणि पाळी जुळली की तिच्याच गाडीतून जातो. त्यामुळे ही गाडी आली कशी, जायची वेळ का आली आणि राहिली कशी, हे सगळं मी जवळून पाहिलं.

तिला गाडी शिकवली सासऱ्यांनी. त्यांची जीप होती, मसुरे-मालवण भाडी मारायचे. मुलगा निलेश, म्हणजे काकीचा नवरा, काजूच्या बागेत रमणारा. स्टिअरिंग धरायचं म्हटलं की त्याच्या तळहातांना घाम सुटायचा. मग एका उन्हाळ्यात सासऱ्यांनी सुनेलाच सड्यावर नेलं. तिथे आपटायला काही नाही, नुसता कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. काकीने पहिल्याच दिवशी जीप जाळीत घातली. सासरे शांतपणे उतरले, म्हणाले तू काढ बाहेर, आणि ती बाहेर काढेपर्यंत करवंदं खात बसले. ही गोष्ट ती अजून सांगते, आणि सांगताना करवंदं खाल्ल्यासारखा चेहरा करते.

सासरे गेल्यावर जीप बरेच दिवस घरासमोरच्या खळ्यात उभी होती. आधी काकीने शाळेच्या मुलांची ने-आण सुरू केली, मग बाजाराच्या दिवशी बायकांना न्यायला लागली, आणि एक दिवस थेट स्टेशनवर जाऊन रांगेत गाडी लावली. त्या रांगेत तोवर बाईमाणूस नव्हतं. भाई सावंत तिथला जुना. त्याने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, कोणाची गो तू? सासऱ्यांचं नाव सांगितल्यावर तो बाजूला झाला आणि तिला उभी राहायला सावलीतली जागा दिली. तेव्हापासून दोघांचं जमतंही आणि रोज भांडणही होतं.

जीप म्हातारी झाली, तपासणीत पास होईना, तेव्हा काकीने विजेवर चालणारी गाडी घ्यायचं मनात घेतलं. तिथून जो वाद सुरू झाला तो स्टेशनवर अजून संपलेला नाही. भाई रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो, आणि त्याचं म्हणणं काही वेडगळ नव्हतं. तो म्हणायचा, ही मागणी खरी नव्हे. सरकार पैसे घालतंय म्हणून लोक घेतायत. एक योजना बंद झाली की विक्री खाली येते, दुसरी सुरू झाली की वर जाते. बाळाचं बोट धरून चालवलं म्हणजे बाळ चालायला शिकलं असं होत नाही. उद्या सरकारने बोट सोडलं, कंपनीने ती गाडी बनवायचीच थांबवली, तर सुटे भाग आणायचे कुठून आणि जुनी गाडी घेणार कोण? शिवाय आमच्या करातून शहरातल्या दोन-दोन गाड्यावाल्यांना का म्हणून द्यायचं?

काकीचं उत्तर साधं होतं. डिझेल भरायला दर वेळी वाट वाकडी करावी लागते, वीज मात्र घरात येऊन पडलेली असते. अनुदान आहे तर घ्यावं, उद्या नसेल तर नसेल. गाडी काही अनुदानावर चालत नाही.

भाई यावर अनुदानाच्या तारखांची चेष्टा करायचा. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, ती कौल लावून ठरते. पण एकदा ठरली की ठरली. सरकारची तारीख मात्र आज एक असते आणि उद्या दुसरी. तेव्हा सरकारनेही आधी कौल लावावा, असा त्याचा सल्ला होता.

तरी दसऱ्याला गाडी स्टेशनवर आली तेव्हा नारळ घेऊन पुढे झाला तो भाईच. आमच्याकडे कुठलीही नवी गोष्ट देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही, आणि ते सांगणं, गाऱ्हाणं घालणं, वडीलधाऱ्याचं काम. भाईने टोपी सरळ केली, हात जोडले.

"बा देवा महाराजा, ह्या लेकरान आज नवी गाडी घेतलेली आसा. तिका तू राखण दी. तिची बॅटरी अर्ध्या वाटेर उतरू नये रे महाराजा. आणि सरकारान दिलेला अनुदान सरकारान परत मागू नये रे महाराजा."

सगळे ड्रायव्हर एका आवाजात म्हणाले, "होय महाराजा." काकी हसत होती, पण हात तिने शेवटपर्यंत जोडलेले होते.

गाडी येण्याआधी घरी चार्जिंगची सोय झाली होती. ती केली आमच्या वाडीतल्या ओमकारने. तो वायरमन आहे. अशा चार्जरला अर्थिंग चांगलं लागतं. काही बिघाड झाला तर वीज माणसाच्या अंगातून न जाता सरळ जमिनीत जावी, म्हणून खड्डा खणून त्यात लोखंडी पाइप पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ घालतात, आणि तिथून तार चार्जरला आणतात. जमिनीशी नीट संबंध जुळला नाही तर चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो.

ओमकारने जागा बघितली आणि न्हाणीच्या मागे, माडाच्या आळ्यात खणू म्हणाला. न्हाणीचं पाणी तिथे जातं, जमीन बारमाही ओली. पण माई, म्हणजे काकीच्या सासूबाई, पुढे आल्या. माईंना गाडी मनापासून हवी होती. नवऱ्याच्या जीपनंतर खळं त्यांना रिकामं वाटत होतं. म्हणूनच त्यांनी नाही म्हटलं. गाडी ही लक्ष्मी. तिला आंघोळीच्या घाण पाण्याशी जोडायचं? जोडायचं तर तुळशीशी जोडा. ओमकारने डोकं खाजवलं, काकीकडे बघितलं. माईंच्या तोंडावर बोलणारं त्या घरात कोणी नव्हतं आणि तुळशीजवळची जागा चार्जरलाही जवळ पडत होती. पावसाळा नुकताच संपलेला, माती कुठेही खणली तरी ओलीच. खड्डा तुळशीच्या मागे पडला. माईंनी त्यावर हळद-कुंकू वाहिलं, चार्जरला हिरवा दिवा लागला आणि सगळे चहा प्यायला आत गेले.

हिवाळाभर गाडी मजेत चालली. त्याच काळात काकीला आनंदीबाई मिळाल्या. त्या निवृत्त शिक्षिका, राहणार मसुऱ्यातच, वरच्या वाडीत. मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला ओरोसच्या इस्पितळात जावं लागतं. मुलगा परदेशी. आधी त्या मिळेल त्या गाडीने जायच्या. जाताना ठीक असायच्या, पण येताना डिझेलच्या वासाने त्यांच्या पोटात ढवळायचं, घरी पोचेपर्यंत त्या अर्धमेल्या व्हायच्या. काकीच्या गाडीत वास नाही, इंजिनाचा हादरा नाही. पहिल्या दिवशी परत येताना त्यांना झोप लागली. घराशी पोचल्यावर काकीने त्यांना उठवलं नाही, फणसाच्या सावलीत गाडी लावून तीही बसून राहिली. जाग आल्यावर बाईंनी इतकंच सांगितलं की यापुढे त्या दुसऱ्या गाडीत बसणार नाहीत.

काकीने भाईला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. मागणी खरी की खोटी हा तिच्यापुरता वाद त्या दिवशी संपला होता. एका बाईला ही गाडी लागत होती.

आणि मग जत्रा झाली, ऊन चढलं, आणि चार्जरचा दिवा लाल झाला.

सुरुवातीला तो कधीतरी व्हायचा. काकी प्लग काढून पुन्हा लावायची, जरा वेळाने हिरवा यायचा. मग ते वाढत गेलं. संध्याकाळी लावलेली गाडी सकाळी तशीच. लाइनमन येऊन विजेचा दाब तपासून गेला, त्याच्या मते सगळं बरोबर होतं. कंपनीच्या मदत क्रमांकावरचा माणूस गोड बोलायचा आणि गाडी कोल्हापूरला आणा म्हणायचा. काकी मालवणकडे भाडं मिळालं की तारकर्लीला एका ओळखीच्या पर्यटक-निवासात गाडी लावून चार्ज करून आणायची. पण तारकर्ली रोज कशी परवडणार?

स्टेशनवर ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. नेमकं त्याच दिवसांत अनुदान कमी होणार, विक्री मंदावली, अशा बातम्या येत होत्या. भाईने पेपर घडी करून काकीच्या बॉनेटवर ठेवला. या वेळी त्याने चेष्टा केली नाही, तेच तिला जास्त लागलं. कोल्हापूरचा एक एजंट त्याच्या ओळखीचा होता. ही गाडी घेऊन त्याऐवजी डिझेलची द्यायला तो तयार होता, पण शनिवारपर्यंत सांगायला हवं होतं. पुढे भाव पडणार, असं एजंटचं म्हणणं. भाईने हे तिच्या भल्यासाठीच आणलं होतं.

काकी अजून नाही म्हणत होती. पण बुधवारी सकाळी गाडीत ओरोसला जाऊन यायला पुरेल इतकी वीज नव्हती. तिने भाईला फोन केला. भाई लगेच आला, आनंदीबाईंना हळू नेलं, हळू आणलं, काचा उघड्या ठेवल्या. तरी परतताना त्यांना दोनदा गाडी थांबवून उतरावं लागलं. काकी त्यांना घ्यायला त्यांच्याच दारात उभी होती. बाई तिच्या खांद्याला धरून पायऱ्या चढल्या आणि म्हणाल्या, "किशोरी, तुझ्यावर माझा राग नाही. पण शुक्रवारचं मला आजच सांगून ठेव. मनाची तयारी करायला लागते."

काकीने त्यांना खुर्चीत बसवलं आणि आतून पाणी आणून दिलं.

त्या संध्याकाळी ती गडग्यापाशी आली. मी कारखान्यातून नुकताच आलो होतो. गाडी द्यायची असं ती ठरवूनच आली असावी, कारण आधी तिने एजंटचंच सांगितलं. मग म्हणाली, "पण विराज, एक गोष्ट माका कळणा नाय. तारकर्लेक लावलंय की लगेच हिरवो. एकदा पण लाल झालो नाय. घराकडे लावलंय की लाल. गाडी तीच, वायर तीच. मगे बिघाड गाडयेत कसो?"

मी हातातला डबा गडग्यावर ठेवला. तारकर्लीत वाळू. हातभर खणलं की पाणी लागतं. आमच्याकडे जांभा. पावसात तो स्पंजासारखा पाणी पितो आणि उन्हाळ्यात तेवढाच कोरडा पडतो. तिने प्रश्न अगदी नेमका विचारला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून मी कारखान्यातलं अर्थिंग मोजायचं यंत्र घेऊन आलो. ओमकारही आला. मोजण्यासाठी तुळशीमागे दोन सळ्या ठोकायच्या होत्या, त्या ठोकतानाच कळलं. खाली नुसता भुगा होता, विटेसारखा लाल. यंत्राचा आकडा बघून ओमकारने शीळ घातली. मी काकीला सांगितलं की चार्जरचं काही चुकलेलं नाही. खाली जमीनच सापडत नाही म्हटल्यावर तो वीज सोडणार कसा?

काकीने विहिरीवरून कळशी भरून आणली आणि पाइपाशी ओतली. मग दुसरी. मग निलेशही आणायला लागला. बऱ्याच कळशा झाल्यावर तिने जाऊन प्लग लावला. दिवा लाल, लाल, आणि मग हिरवा.

काकी चार्जरसमोर खाली बसली. पदराने तोंड पुसलं, मग तोच पदर तोंडावर धरून राहिली. "म्हणजे गाडी बरी आसा," ती स्वतःशीच म्हणाली.

गाडी बरी होती, पण प्रश्न उरलाच. विहिरीचं पाणी खाली गेलेलं, पावसाला अजून अवकाश. रोज एवढ्या कळशा जमिनीत ओतणार कोण? ओमकारने मान वळवून न्हाणीमागच्या माडाकडे बघितलं. मग मी बघितलं, निलेशने बघितलं, काकीने बघितलं. तिथे आळ्यात चिखल होता, अळू माजलं होतं. माई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. आमच्या चौघांच्या माना एकाच दिशेला आहेत हे त्यांनी पाहिलं आणि त्या पुन्हा तांदळाकडे वळल्या.

काकीने विषय काढला नाही. मला वाटलं, आता ही बोलेल, भांडेल, आनंदीबाईंचं सांगेल. पण ती आत जाऊन चहा टाकायला लागली. मला नंतर म्हणाली, माईंनी ती जागा गाडीवरच्या मायेने नाकारली होती, मायेला हरवून काय मिळवायचं? माईंचं त्यांनाच कळू दे.

आम्ही चहा पीत होतो तेव्हा माई उठल्या. सूप बाजूला ठेवलं आणि न्हाणीमागे गेल्या. माडाखाली एक नारळ पडला होता, तो उचलून पदराला पुसला, कानाशी धरून हलवला. परत येऊन तो त्यांनी आमच्यासमोर ओटीवर ठेवला.

"सोमवारी देवीक नारळ देतंव तो ह्याच माडाचो," त्या म्हणाल्या. "न्हाणयेचा पाणी पिवान वाढलेलो. देवीन कधी परत केल्यान नाय. मगे गाडी काय देवीपेक्षा सोवळी?"

मग त्यांनी ओमकारकडे बघून विचारलं, "बसलंस काय? काळोख होवच्या आधी खण."

ओमकारने चहा अर्धा टाकला. खणायला वेळ लागला नाही, माती लोण्यासारखी होती. माडाची मुळं सांभाळून पाइप पुरला, तार न्हाणीच्या भिंतीवरून फिरवून चार्जरपर्यंत आणली. यंत्राचा आकडा इतका कमी, म्हणजे इतका चांगला, आला की मी तो ओमकारला वाचायला लावला, मग स्वतः पुन्हा वाचला. प्लग लावताच हिरवा दिवा लागला. माईंनी नव्या खड्ड्यावरही हळद-कुंकू वाहिलं, आणि जुन्या खड्ड्याचं काय करायचं म्हणून विचारलं. असू दे, दोन्ही जोडून ठेवू, पावसाळ्यात तोही कामाला येईल, असं मी सांगितलं. ते त्यांना आवडलं. तुळस फुकट गेली नाही.

काकीने तिथूनच आनंदीबाईंना फोन लावला. मला फक्त काकीचा आवाज ऐकू येत होता. "होय बाई, मीच येतंय. होय, उद्या. नाय नाय, नक्की." मग तिकडचं ऐकून ती हसली. काय म्हणाल्या विचारल्यावर म्हणाली, बाई म्हणतात मनाची केलेली तयारी आता कुठे ठेवू?

मी या सगळ्याचा नंतर खूप विचार केला. भाई वाचतो त्या पेपरात मागणी म्हणजे आलेखावरची रेघ. अनुदान दिलं की ती वर जाते, काढलं की खाली. रेघ खोटी नाही, भाईही खोटा नाही. अनुदान नसतं तर काकीने गाडी घेतली नसती, हे ती स्वतः कबूल करते. पण गाडी दारात आल्यानंतरचा हिशेब त्या रेघेत दिसत नाही. योजना आखणाऱ्यांनी गाडीच्या किमतीचा विचार केला, करमाफीचा केला. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात पाइप कुठे पुरायचा, हे कोणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. आमच्या बाजूच्या गावातल्या एकाने अशीच गाडी घेऊन वर्षाच्या आत विकली, चार्जच होत नाही म्हणून. पेपरात ती मंदावलेली मागणी म्हणून मोजली गेली असेल. त्याचा खड्डा कुठे होता, ते आता मी जाऊन बघणार आहे.

शुक्रवारी आनंदीबाई ओरोसहून येताना झोपल्या. फणसाखाली गाडी थांबली, आणि काकीने एजंटला फोन करून नाही म्हणून सांगितलं, हळू आवाजात, बाईंना जाग येऊ नये म्हणून.

शनिवारी मी तिच्या गाडीतून कुडाळला गेलो. कुत्री उठली नाहीत. भाई पेपर घेऊन तयारच होता. अनुदानाच्या अटी पुन्हा बदलणार असल्याची काहीतरी नवी बातमी होती, आणि चार-पाच ड्रायव्हर त्याच्याभोवती जमले होते. हे टिकणार नाही, एक म्हणाला. टिकेल पण महाग होईल, दुसरा म्हणाला. भाई म्हणत होता की काढायचंच आहे तर एकदाच काढा, माणसाला कळू तरी दे. पण तो काकीकडे बघत नव्हता, तिच्या गाडीच्या डॅशबोर्डवरच्या भरलेल्या बॅटरीच्या चित्राकडे बघत होता. जरा वेळाने त्याने, सहज विचारल्यासारखं, विचारलं की एका चार्जमध्ये गोव्यापर्यंत जाऊन येता येतं काय.

काकीने दार लावलं, चावी पदराला बांधली.

"जावक येता, येवकय येता," ती म्हणाली. "पण भाई, सरकार काय देता ता मगे बघूया. आधी माका सांगा, तुमच्या न्हाणयेचा पाणी खंय जाता?"

भाईने पेपर खाली केला. तिची थट्टा चाललीय की काय, हे त्याला ठरवता येईना.

"खंय जातला?" तो म्हणाला. "केळींक जाता."

"मगे झाला तर," काकी म्हणाली, आणि रेल्वेगाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यांची वाट बघत सावलीत जाऊन उभी राहिली.